लाज कोणी बाळगावी?

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा: ‘पूर्वीची माणुसकी, प्रामाणिकपणा आणि आजचा काळ’. विषय कानावर पडताच माझ्या शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, “ह्यात बोलायचं काय? पूर्वीचं सगळं गेलं, एवढं म्हण आणि खाली बस.” तसे केले असते तर सर्वांनाच चहा लवकर मिळाला असता. पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे असले तरी संसाराची पंचवीस-सव्वीस वर्षे झाली आहेत, त्यातली निम्मी परमुलखात गेली आहेत, आणि मला काही ते मावशींचे म्हणणे पुरतेपणी पटत नाही. काय गेले आणि काय आले ते थोडे निवडून पाहावे, तांदूळ निवडतो तसे, असे वाटते.

माझे माहेर आटपाडी तालुक्यातले. तुमच्यातल्या निम्म्याजणी तिकडच्याच, म्हणून त्या मुलखाचे वर्णन करीत नाही. आमच्या घराला दार होते, दाराला कडी होती, पण कुलूप लागायचे ते सगळे घर यात्रेला निघाले तरच. आणि त्याची किल्ली शेजारच्या काकूंकडे. जोंधळ्याचे पीठ, मीठ, तेल उसने नेताना वाटी सपाट भरून न्यायची आणि परत करताना शीग लावून द्यायची, असा रिवाज. कोणी तो शिकवला नव्हता. सपाट वाटी परत करणाऱ्या बाईला कोणी बोलतही नसे, फक्त पुढच्या वेळी तिच्या घरी कोणी उसने मागायला जात नसे.

आई १९७२ च्या दुष्काळातले सांगायची. ती तेव्हा लहान होती, आजीबरोबर खडी फोडायच्या कामावर जायची. कामावर सुकडी मिळे. खडीचा ढीग मोजून मजुरी ठरे. त्या कामावर एक ओली बाळंतीण होती, तिच्या हातून ढीग पुरा होत नसे. तेव्हा बाकीच्या बाया जाता जाता आपल्या ढिगातले एकेक घमेले तिच्या ढिगावर टाकीत. तिनेही कधी मागितले नाही आणि ह्यांनीही कधी दिले म्हणून सांगितले नाही. स्वतःच्या पोटाला चिमटा असताना हे चालले होते. एवढी गोष्ट ऐकली की मावशींचे म्हणणे मलाही पटायला लागते.

पण त्याच गावातली दुसरी गोष्ट सांगते. मी तेव्हा चौथीत होते. आमच्या वाड्याजवळच्या आडावरून एका घरची तांब्याची घागर गेली. मोठी, लग्नात आलेली, नाव घातलेली. गावाबाहेर माळावर पारध्यांची तीन-चार पालं पडली होती. घागर गेली हे कळायला सकाळ लागली, पण कोणी नेली हे ठरायला घटकाभरही लागला नाही. पालावरच्या दोघांना धरून आणले, चावडीपुढच्या लिंबाला बांधले आणि मारले. मारणाऱ्यांत उसन्या वाटीला शीग लावणाऱ्या घरांतलेच पुरुष होते. रात्रीत पालं उठली.

दोन महिन्यांनी उन्हाळ्यात आड उपसला. गाळात घागर निघाली, गळ्याला दोर तसाच. गाठ सुटून ती आत पडली होती, इतकेच. ज्यांची घागर होती त्यांनी ती चिंच लावून घासली आणि नारळ वाढवून पाण्याला लावली. माझी आजी तेवढी म्हणाली, “घागर घावली, पर त्या दोघांस्नी कुटं हुडकायचं?” त्यावर कोणी काही बोलले नाही.

पुढे मोठेपणी मला कळले, की इंग्रजांनी १८७१ साली एक कायदाच केला होता. कितीतरी जमातींना त्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवले, हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणात ठेवले. पाळण्यातले मूलसुद्धा चोर! स्वातंत्र्य मिळाले आणि पाच वर्षांनी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, तो कायदा रद्द झाला. ती मंडळी आजही ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. कायदा गेला त्याला माझ्या चौथीपर्यंत सदतीस वर्षे होऊन गेली होती, तरी आमच्या चावडीपुढच्या लिंबापर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

म्हणून मी म्हणते, पूर्वीची माणुसकी खरी होती, पण ती गावकुसाच्या आत होती. आतल्या माणसाला खडीचे घमेले आणि बाहेरच्याला दोर.

आता गंमत पाहा, की ह्याच आमच्या तालुक्यात त्याहून अगदी वेगळेही घडले होते. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन नावाचे इंजिनियर ह्यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवले. तुरुंगच तो, पण भिंत नाही. खुनाचे कैदी तिथे शेती करीत आणि बायकापोरांसह राहत. पुढे ती वसाहत सरकारच्या तुरुंग खात्याकडे आली. आपल्या माणदेशातल्याच ग. दि. माडगूळकरांनी त्यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, पण तो आपल्या शेजारचा आहे हे पुष्कळजणींना ठाऊक नसते. आमचे आजोबा बाजारच्या दिवशी तिथल्या माणसांकडून भाजी घेत. “हातनं खून झालाय त्याच्या, पर वजनाला कधी मारत न्हाई,” म्हणत. खुनी माणसाच्या तराजूवर विश्वास ठेवणारे आजोबा आणि न चोरलेल्या घागरीसाठी लिंबाला बांधणारा गाव, दोन्ही एकाच काळातले, एकाच तालुक्यातले. तेव्हा ‘पूर्वी असे होते’ असे एका वाक्यात कसे बोलायचे?

लग्न होऊन मी ह्या विट्यात आले आणि वर्षाच्या आत आमच्या ह्यांच्याबरोबर कोइमतूरला गेले. गलाईचा धंदा. तुम्हाला त्यातले काय सांगायचे! आपल्या भागातल्या घराघरांतला एकेक माणूस हिंदुस्थानच्या कुठल्या ना कुठल्या शहरात मुशीपुढे बसलेला आहे. परंतु नव्या शेजारणींसाठी दोन शब्द सांगते. सोनार जुने मोडीचे सोने घेऊन येतो, ते मुशीत वितळवायचे, त्यात चांदी मिसळायची, पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे, मग ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी-तांबे विरघळून जाते आणि तळाशी विटकरी रंगाची भुकटी राहते. तेच चोख सोने. पुन्हा वितळवले की झळकते. सोनाराच्या दुकानातला केरसुद्धा आमच्याकडे यायचा, कारण केरात सोने असते. धूर सोसत नाही, छातीला त्रास होतो, ते वेगळे.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट, भरवसा. माझे सासरे सांगत, त्यांच्या वेळी सोनार रुमालात बांधलेले सोने समोर ठेवी, वजन तोंडी सांगे आणि कॉफी प्यायला निघून जाई. पावती नाही, सही नाही, भाषासुद्धा धड एकमेकांची येत नाही. चारशे कोसांवरून आलेला मराठी माणूस एका रात्रीत दुकान बंद करून पळाला असता तर कोणी त्याला कुठे शोधले असते? पण एकाने तसे केले तर त्या शहरातल्या सगळ्या मराठी दुकानांचा धंदा बसेल, हे प्रत्येकाला ठाऊक होते. सासरे म्हणत, “आपण एकट्यानं प्रामाणिक नसतो, सगळ्यांनी मिळून असतो.” हल्ली पावती असते, आधार कार्डाची प्रत असते, दुकानात कॅमेरा असतो, दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरांचा नंबर असतो. हे बरेच झाले असे मी म्हणेन. कागद असला म्हणून माणूस खोटा ठरत नाही, आणि आमचे घर तर कागदानेच वाचले.

ते असे. २००९ साल. एक गृहस्थ दुकानात आले. कपडे नीटनेटके, बोलणे मवाळ. बायको दवाखान्यात आहे म्हणाले आणि एक साखळी मोडली. आमच्या ह्यांनी वहीत नाव, पत्ता, वजन लिहिले, सही घेतली, पैसे दिले. वीस दिवसांनी दुसऱ्या जिल्ह्याचे पोलीस आले. साखळी चोरीची होती. चोराने दुकान दाखवले होते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. पण ‘जाणूनबुजून’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकात असतो, न्यायला आलेल्या गाडीत नसतो. ह्यांना घेऊन गेले. दोन दिवस बाकावर बसवून ठेवले. मला तमिळ तोडकेमोडके येत होते, पदरात दोन मुले, धाकटे तीन वर्षांचे.

समोरच्या घरात एक अम्मा राहत. आमची ओळख म्हणजे सकाळी दारात रांगोळी काढताना एकमेकींकडे पाहून हसायचे, एवढीच. त्या संध्याकाळी त्या आल्या, काही विचारले नाही, दोन्ही मुलांना घेऊन गेल्या, जेवू घातले, आणि रात्री उशी बगलेत मारून आमच्याकडे झोपायला आल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कामावर रजा टाकून दोन-तीन मराठी दुकानदारांबरोबर पोलीस ठाण्यात गेला. वही दाखवली, सही दाखवली. ह्यांना सोडले. सोने गेले ते गेलेच, पण माणूस घरी आला. अम्मांनी त्या दोन दिवसांत एकदाही मला विचारले नाही, की तुझ्या नवऱ्याने खरेच काही केले का.

तो प्रश्न मला विचारला तो माझ्या माणसांनी. उन्हाळ्यात जत्रेला गावी आलो. नळावर पाणी भरत होते तर एक बाई म्हणते, “कोइमतुरात काय भानगड झाली म्हणं?” एका लग्नात ह्यांच्या मागे कुजबुज झाली. ज्याने चोरी केली तो कुठे जामिनावर मोकळा फिरत असेल, आणि ज्याच्याकडे वही होती, सही होती, तो माणूस खाली मान घालून पंगतीत जेवत होता. लाज ही चीज अशी वाट चुकते हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले, आणि तेव्हापासून मला सवयच लागली, की कुठेही काही गुन्हा झाला म्हटले, की मी पाहते, लाज कोणाच्या दारात जाऊन बसली आहे.

आता आपल्या मंडळातलीच गोष्ट सांगते. ज्यांची आहे त्यांना विचारून सांगते. त्या समोर बसलेल्या आहेत, परंतु नाव सांगणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी वळून पाहू नये.

गेल्या वर्षी त्यांना फोन आला. तुमच्या नावाने परदेशी निघालेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुमचे आधार कार्ड त्यात वापरले आहे. मग व्हिडिओवर एक माणूस आला. अंगावर पोलिसाचा गणवेश, मागे भिंतीवर पोलिसाचे बोधचिन्ह. त्याने दरडावले, की तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात. फोन बंद करायचा नाही, समोरून उठायचे नाही, घरात कोणाला सांगितले तर त्यालाही धरू. आमच्या ह्या मावशी दीड दिवस आतल्या खोलीत फोनसमोर बसून होत्या. जेवायलासुद्धा त्याला विचारून उठल्या! दुसऱ्या दिवशी, पैसे तपासून लगेच परत करू असे सांगून, त्याने त्यांना बँकेत पाठवले. मुदत ठेव मोडली. बँकेतल्या पोरीने विचारले, “मावशी, एवढी घाई कशाला?” त्यांनी सांगितले, नातीच्या प्रवेशासाठी. चार लाख ऐंशी हजार. आयुष्यभराची पेन्शनीतली बचत.

तुम्ही म्हणाल, असे कसे कोणी फसते? फसते. माणसाला एकटे पाडले की फसते. अब्रूची भीती ज्याला आहे तोच ह्यात सापडतो, निर्लज्ज माणूस पहिल्याच मिनिटाला फोन आपटतो. १० हजार रुपये खाणाऱ्याला असा फोन आला तर तो हसेल. आयुष्यात कोणाची पै न बुडवलेली बाई मात्र म्हणते, अगबाई, माझे नाव पोलिसात!

पण माझा मुद्दा पुढचा आहे. फसवले गेल्याचे त्यांना त्याच संध्याकाळी कळले होते. त्यांनी ते सांगितले बाराव्या दिवशी. बारा दिवस त्या मंडळात आल्या, हळदीकुंकवाच्या वाणाचा हिशेब त्यांनी मांडला, आपल्याबरोबर भजन म्हटले, आणि एक अक्षर बोलल्या नाहीत. का? मी विचारले तेव्हा म्हणाल्या, “मुलगा रागावेल. सून हसेल. तुम्ही सगळ्या म्हणाल, एवढी शिकलेली बाई आणि अशी कशी गाढव.”

आणि आपण ते म्हटलेच की नाही? कळल्यावर आपल्यातल्याच कितीजणींनी हेच म्हटले! “मी असते तर असं केलंच नसतं.” “लोभ असेल काहीतरी.” कोणीतरी तर म्हणे तो किस्सा म्हणून दुसऱ्या मंडळात सांगितला. अहो, कोणाची घागर गेली तर आपण तिला विचारतो का, की तू घागर मुळात बाळगलीस कशाला?

त्या बारा दिवसांची किंमत किती झाली ते ऐका. अशी फसवणूक झाली की १९३० ह्या नंबरवर ताबडतोब फोन करायचा असतो. देशभर हाच नंबर आहे. तक्रार लगेच गेली तर पैसा ज्या खात्यात गेला ते गोठवता येते. चोर मात्र तो पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून दहात असा पळवीत असतो. म्हणून पहिले तास मोलाचे. मावशींच्या बाबतीत बाराव्या दिवशी एका खात्यात थोडे पैसे अडकलेले सापडले. त्यांतले ३८ हजार परत आले. बाकीचे अजून आलेले नाहीत. चोराने चार लाख ऐंशी हजार लुबाडले हे खरे, पण त्याला जे बारा दिवस मिळाले ते आपण दिले. आपल्या हसण्याच्या धाकाने दिले.

कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी रेडिओवरच्या ‘मन की बात’मध्येही सांगितले. पोलीस व्हिडिओवर अटक करीत नाहीत आणि तपासासाठी आपल्या खात्यातले पैसे मागून घेत नाहीत. आणि बाईमाणसाला तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटकच करता येत नाही. फारच अपवादाची वेळ असेल तर महिला पोलीस अधिकारी लागते आणि न्यायाधीशाची आधी परवानगी लागते. एवढे तरी आपल्या पाठ असावे. आरत्या पाठ आहेतच.

आता दुसऱ्या बाजूची लाज पाहू. एक पतपेढी बुडाली. कुठली ते सांगत नाही, ज्यांच्या ठेवी अडकल्या त्यांना सांगायची गरजही नाही. त्यात भाजीवालीचे पैसे होते, मोलकरणीच्या लेकीच्या लग्नाचे होते. संचालकांपैकी एकावर फिर्याद झाली, काही दिवस ते आत जाऊन आले. पूर्वीच्या काळी अशा माणसाने काय केले असते? माझ्या माहेरी एकाने सोसायटीच्या खतात घोळ केला होता, तो दोन वर्षे गावच्या देवळात पाऊल टाकीत नव्हता, आणि त्याच्या मुलीला स्थळ येईना. मुलीचा त्यात काय अपराध होता? काही नव्हता. ते मला तेव्हाही बरे वाटले नव्हते आणि आजही वाटत नाही. पण निदान त्याला स्वतःला लाज वाटत होती. आणि हे आमचे गृहस्थ सुटून आले तर चौकात फलक लागला, फटाके वाजले, आणि महिन्याभरात एका शाळेच्या बक्षीस समारंभाला तेच प्रमुख पाहुणे.

आपल्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करायला आम्ही चौघीजणी फिरत होतो. त्यांच्या दुकानातून निरोप आला, पूर्ण पानाची जाहिरात देतो, पैसे आगाऊ. पैशांचे पाकीट मंडळात पोचलेसुद्धा. कार्यकारिणीत दोन मते पडली. एकजण म्हणाली, “पैशाला काय वास असतो? छपाईचा खर्च तर निघेल.” दुसरी म्हणाली, “आपल्या मंडळातल्या तिघींच्या ठेवी त्या पतपेढीत आहेत. त्या पान उलटतील तेव्हा त्यांना काय वाटेल?” दीड तास वाद झाला. शेवटी चिटणीसबाई आणि मी जाऊन पाकीट परत देऊन आलो. त्या पानावर आता उपवासाच्या पदार्थांच्या कृती येणार आहेत. छपाईचे पैसे कमी पडले आहेत, त्यासाठी खजिनदारबाई आज दारात डबा घेऊन बसल्या आहेत, तेवढे पाहा.

राहिली गोष्ट गावकुसाबाहेरच्यांची. मला वाटे, घागरीसारखे आता होणार नाही. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे काय झाले ते आठवा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण, भिक्षा मागून पोट भरणारे, आपल्या मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. आठवडी बाजारात जमावाने त्यांना धरले, एका खोलीत कोंडले आणि ठार मारले. पुढे १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा गाडीवान असेच अफवेपायी मारले गेले. लिंबाच्या झाडाची जागा मोबाइलने घेतली. आमच्या गावात घागरीची खबर पसरायला एक सकाळ लागली होती, आता तर दात घासून होईपर्यंत दहा गावांना ‘चोर’ दिसलेला असतो.

आपल्याच गल्लीत गेल्या श्रावणात सुया-पोत विकणारी एक बाई आली होती, कडेवर लेकरू. लेकरू गोरे. झाले! कोणीतरी ओरडले, “हे पोर हिचं न्हवं!” दहा-पंधराजण जमले, मोबाइल वर झाले. एकाने तिची पाटी उलटी केली. तेव्हा आपल्या आक्का, वय वर्षे ब्याऐंशी, काठी टेकत खाली उतरल्या, त्या बाईचा दंड धरला आणि तिला आपल्या ओट्यावर बसवून स्वतः तिच्यापुढे बसल्या. जमावाला म्हणाल्या, “पोलिसांना बोलवा. तवर ही माझी पावणी हाय.” ११२ ला फोन माझ्याच मुलीने केला. गाडी येईपर्यंत अर्धा तास गेला. तेवढ्यात त्या बाईने मुलाला पदराआड घेतले आणि पाजले. मग एकेकजण घरी गेला. सुया वेचायला मात्र तिघीचजणी खाली वाकल्या.

आक्कांना मी नंतर विचारले, भीती नाही वाटली? म्हणाल्या, “वाटली की. पर मी त्या आडाच्या गावची हाय.” त्या माझ्याच माहेरच्या, हे तुम्हाला ठाऊक नसेल. घागर निघाली त्या दिवशी त्याही आडावर होत्या.

तरुण पोरांना आपण नावे ठेवतो, त्याविषयी एक सांगून पुरे करते. मागच्या पावसाळ्यात कऱ्हाड रस्त्यावर मोटारसायकलवरून एक परगावचा मनुष्य पडला. गाड्या थांबत होत्या, पाहत होत्या, जात होत्या. जुनी भीती, पोलिसांच्या फेऱ्या मागे लागतील. कॉलेजची तीन पोरे थांबली, त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. त्यांतला एक म्हणाला, आता तसे काही होत नाही, मदत करणाऱ्याला नावसुद्धा सांगायची सक्ती नाही. खरेच आहे ते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे नियम पक्के केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यातच आले. आपल्यापैकी कितीजणींना हे ठाऊक होते? पोरांना होते. मोबाइलमध्ये डोके घालून बसतात म्हणून आपण ओरडतो, पण हे त्यांनी मोबाइलमध्येच वाचले होते.

मावशी आता माझ्याकडे रोखून पाहत आहेत, म्हणजे चहा झालेला दिसतो. एक सूचना करून खाली बसते. ज्यांची गोष्ट मी सांगितली त्या आपल्या मावशी येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता इथेच बसणार आहेत. असा फोन आला तर तो कसा ओळखायचा, कुठे तक्रार करायची, १९३० वर काय काय विचारतात, बँकेत कोणता अर्ज द्यायचा, हे सारे त्या स्वतः सांगणार आहेत. त्यांनी आपल्या तक्रारीची आणि अर्जाची प्रत आणायचेही कबूल केले आहे. हे त्यांनी आपण होऊन सुचवले, मी सांगितले नाही. येताना मोबाइल आणि चष्मा दोन्ही आणा, आणि घरातल्या सासूबाईंनाही आणा. त्या दिवशीचा चहा माझ्याकडे.